मस्कीचा रॉड हतनूरला चालेल का? मरळ आणि शिवड्यासाठी रॉड निवडायचाय

केळीचा_मळा (रावेर)

राम राम मंडळी. चुलतभाऊ मिनेसोटात असतो, डिसेंबरात गावी येतोय. तिकडे तो मस्की नावाचा मासा धरतो आणि त्याच्याकडचा एक जादा रॉड मला देतो म्हणतोय. रॉडवर छापलेलं जसंच्या तसं उतरवतो : लांबी ८ फूट ६ इंच, हेवी, फास्ट, ल्यूर (म्हणजे नकली आमिष) ३ ते ८ औंस, लाइन ५० ते ८० पौंड. कास्टिंग प्रकार, एकसंध.

इथे सगळं काठावरून आहे, होडी नाही. हतनूर धरणाच्या फुगवट्यात चांगदेवची बाजू आणि उन्हाळ्यात गिरणेचे डोह. मासे दोनच डोक्यात आहेत, मरळ आणि शिवडा. ४००० आकाराचं स्पिनिंग रील घेऊन ठेवलंय, त्यावर अजून लाइन भरलेली नाही.

विचारायचं असं की हा एकच रॉड दोन्ही माशांना चालेल का? मस्की म्हणे दहा-पंधरा किलोपर्यंत सहज जातो, मग मरळीला तर तो पुरून उरेल ना? आणि चालणार नसेल तर भावाला तिकडून दुसरं काय आणायला सांगू?

तापी_पूर्णा (भुसावळ)

दादा, माशाच्या वजनावरून रॉड निवडायचा हा समज आधी बाजूला ठेवा. रॉड निवडतात तो फेकायच्या वजनावरून. मासा किती मोठा हे त्यानंतर बघायचं.

३ ते ८ औंस म्हणजे किती? एक औंस २८ ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे हा रॉड ८५ ते २२५ ग्रॅमचं ल्यूर फेकायला बनवलाय. मस्कीचे ल्यूर असतातच तसे, वीत-दीड वीत लांबीचे लाकडी नाहीतर रबरी मासे, किंवा दोन मोठ्या पात्यांचे स्पिनर. ती पाती पाण्यातून ओढतानाच हाताला इतका जोर लागतो की मऊ रॉड मासा नसतानाही वाकून राहील. रॉड हेवी असतो तो मुख्यतः या ओझ्यासाठी. लांबीचं कारण वेगळं. मस्की ल्यूरच्या मागे थेट होडीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो, म्हणून रॉडचं टोक पाण्यात घालून होडीलगत इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ल्यूर फिरवतात. लांब रॉडने तो आकडा मोठा आणि खोल काढता येतो. काठावर उभं राहणाऱ्याला याचा उपयोग फार थोडा.

आता मरळीचं बघा. रबरी पोकळ बेडूक १० ते १८ ग्रॅमचा. फेकताना ल्यूरच्या वजनाने रॉड मागे वाकला पाहिजे आणि सुटताना त्या वाकाने ल्यूर पुढे भिरकावला पाहिजे. १२ ग्रॅमचा बेडूक ८५ ग्रॅमवाल्या रॉडला वाकवतच नाही. मग सगळा जोर खांद्यातून लावावा लागतो, बेडूक दहा-बारा मीटरवर टपकन पडतो आणि अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं. शिवाय जलपर्णीच्या कडेला बेडूक जागच्या जागी थरथरवायचा असतो, ते काम टोकाचं. दांडक्यासारख्या टोकाला ते जमत नाही.

मरळीसाठी हे घ्या : लांबी ६ फूट ८ इंच ते ७ फूट २ इंच, पॉवर मीडियम-हेवी, अ‍ॅक्शन फास्ट, ल्यूर साधारण १० ते ३५ ग्रॅम, लाइन ३० ते ५० पौंड. रील तुमच्याकडे स्पिनिंग आहे म्हणून रॉडही स्पिनिंगचाच.

पॉवर आणि अ‍ॅक्शन यांची गल्लत बरेच जण करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉड वरच्या पाव-तिसऱ्या भागातून वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. बेडकाला फास्ट का लागतो, तर त्याचे दोन्ही हुक रबराला चिकटून वर वळलेले असतात. मरळीने तोंडात घेतल्यावर आधी ते रबर दबलं पाहिजे आणि मग हुक तिच्या हाडाळ जबड्यात शिरला पाहिजे. अर्ध्यातून वाकणारा रॉड तुमचा झटका स्वतःच गिळून टाकतो.

झटक्याची वेळही सांगून ठेवतो. पाण्यावर फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि त्या दणक्यालाच हात उचलला जातो. तिथेच बेडूक तोंडातून निघून येतो. एक-दोन मोजा, टोक खाली करून सैल लाइन गुंडाळा, हाताला वजन लागलं की मग जोरात उचला. आणि उचलल्यावर थांबायचं नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिचं डोकं जलपर्णीबाहेर आलं नाही तर ती देठांत गुंडाळून बसते.

पांझराकाठ (धुळे)

वरच्या भाऊंनी लिहिलं ती गोठ खरी शे. पण एक मोठी अडचण राहून गेली. प्रश्नात लिहिलंय रॉड कास्टिंगचा आणि रील स्पिनिंगचं. हे दोन्ही एकमेकांना बसत नाहीत.

कास्टिंग रॉडवर रील वरच्या बाजूला बसतं, लाइन ओवायच्या कड्याही वरच्या बाजूला आणि लहान. पकडीखाली बोट अडकवायला बंदुकीच्या घोड्यासारखा उंचवटा असतो. स्पिनिंग रील रॉडखाली लटकतं आणि त्याची लाइन मोठ्या वेटोळ्यांनी सुटते, म्हणून स्पिनिंग रॉडची पहिली कडी चांगली मोठी असते आणि पुढे लहान लहान होत जाते. मस्की रॉडला ४००० चं रील उलटं लावलं तर वेटोळी पहिल्याच लहान कडीवर आपटतात, फेक अर्ध्यावर येते आणि ब्रेडेड (विणलेली) लाइन कडीला गाठ मारून बसते. मोठ्या झटक्याला अशी गाठ टोकाची कडी तोडून नेते. म्हणजे तो रॉड घेतला तर वेगळं बेटकास्टिंग रीलही घ्यावं लागेल, ३०० ते ४०० आकाराचं. ते शिकायला वेळ लागतो, अंगठ्याने स्पूल (लाइन गुंडाळलेलं चाक) दाबता आलं नाही की लाइनचा गुंता होऊन बसतो.

तरी तो रॉड अगदीच टाकाऊ नाही. शिवड्याला तळाशी आमिष लावून बसायचं असेल तर चालतो. ८० ते १०० ग्रॅम शिसं, त्यावर कापलेल्या माशाचा तुकडा, झालं की १२० ग्रॅमपर्यंत वजन. तिथे त्याची ताकद आणि लांबी दोन्ही कामाला येतात, बंधाऱ्याखालच्या दगडांवरून लाइन उंच राहते. पण फक्त या कामासाठी एकसंध साडेआठ फुटी दांडा विमानातून मुंबईला, तिथून रेल्वेने भुसावळला आणि पुढे रावेरला आणायचा, याला माझ्या मते अर्थ नाही. काही मस्की रॉडचा मुठीचा भाग आत सरकतो आणि लांबी दीड-दोन फुटांनी कमी होते. तुमचा तसा आहे का ते भावाला विचारून बघा.

शिवड्यासाठी इथेच मिळणारा रॉड हवा असेल तर ८ ते ९ फूट, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग, मीडियम-हेवी, ३० ते ८० ग्रॅम. अ‍ॅक्शन इथे मॉडरेट-फास्ट बरी, अगदी फास्ट नको. शिवडा आमिष तोंडात घेऊन वळतो आणि लांब सरळ धाव मारतो. थोडा खोलवर वाकणारा रॉड ती धाव पेलतो, हुकाचं भोक मोठं होऊ देत नाही.

आता लीडरचं, म्हणजे हुकाआधी बांधायच्या तुकड्याचं. मस्कीचे दात सुरीसारखे कापतात, म्हणून तिकडे पोलादी तार नाहीतर १०० ते १३० पौंडांचं जाड फ्लुरोकार्बन लावतात. शिवड्याचे दात तसे नाहीत. बारीक, आत वळलेले, जबड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी, खरबरीत कानशीसारखे. ते एका झटक्यात कापत नाहीत, घासून घासून तोडतात. ब्रेडेड लाइन थेट हुकाला बांधली तर दहा मिनिटांच्या झुंजीत तिचा पिसारा होतो. ६० ते ८० पौंडांची मोनो (एकपदरी नायलॉन लाइन), म्हणजे साधारण ०.८ ते ०.९ मिलिमीटर जाड, हातभर लांब लावा. प्रत्येक माशानंतर नखाने चाचपा, खरखर लागली की वरचा तेवढा भाग कापून पुन्हा बांधा. मरळीला मात्र बेडकासोबत ब्रेडेड थेट बांधली तरी चालते. जलपर्णीचे देठ ही लाइनच कापत येते.

केळीचा_मळा (रावेर)

धन्यवाद भाऊ, रील बसणार नाही हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे भावाचा रॉड राहू दे.

मग आधी मरळीचाच सात फुटी घेतो. जळगावात एका दुकानात टेलिस्कोपिक रॉड स्वस्तात आहेत, पिशवीत मावतात, मोटरसायकलवर न्यायला सोपे. ते का नको? आणि दुकानात रॉड हातात घेतल्यावर काय काय बघायचं? छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

गिरणा_बंधारा (भडगाव)

टेलिस्कोपिक मरळीला नकोच. प्रत्येक सांध्यावर नळीत नळी नुसती घासून अडकलेली असते. बेडूक दिवसात दोनशे वेळा फेकला की सांधे सैल होतात, टोकाचा तुकडा गोल फिरतो आणि कड्या वाकड्या दिशेला जातात. तापीचा नाहीतर गिरणेचा बारीक गाळ सांध्यात गेला की दोन गोष्टींपैकी एक होते, रॉड उघडत नाही किंवा मिटत नाही. जोर लावला की नळी उभी चिरते. कड्याही कमी असतात, एका नळीला एक, त्यामुळे रॉड वाकल्यावर लाइन त्याच्या अंगाला घासते. मोटरसायकलवर न्यायचा तर दोन तुकड्यांचा घ्या आणि दोन इंची पीव्हीसी पाइप चार फूट कापून त्यात ठेवा. एका बाजूला पक्की टोपी, दुसऱ्या बाजूला चुडीची.

दुकानात काय बघायचं ते सांगतो.

पहिल्यांदा रॉड जोडून मुठीकडून एक डोळा मिटून टोकाकडे बघा. सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. नंतर कापूस लावलेली काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा एकही धागा अडकला तर तिथे चीर आहे, ती ब्रेडेड लाइन कापणार. सात फुटी रॉडला टोकाची धरून आठ कड्या तरी असाव्यात. सहाच असतील तर ठेवून द्या.

दोन तुकड्यांचा सांधा जोडताना पिळायचा नाही, सरळ ढकलायचा. काही सांध्यांत नर तुकडा पूर्ण आत जात नाही, तीन-चार मिलिमीटर फट राहते. तो दोष नाही, झिजेसाठी ठेवलेली जागा आहे. पण जोडल्यावर हलवून टकटक आवाज आला तर सांधा सैल आहे.

तुमचं रील सोबत न्या. बसवून घट्ट आवळा आणि डावी-उजवीकडे हलवा. रीलची सीट सैल असली की पुढे काहीही केलं तरी ती सुधारत नाही. बसवल्यावर मूठ कोपराखाली धरून बघा. रीलच्या पायापासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर तुमच्या पंजाच्या सांध्यापासून कोपरापर्यंत आलं पाहिजे. मूठ आखूड असेल तर जलपर्णीतून मरळ उपसताना दुसऱ्या हाताला धरायला जागा उरत नाही.

वाक तपासताना टोक हाताने वाकवू नका आणि छताला टेकवून तर मुळीच नको. नव्यातले बरेच रॉड तिथेच मोडतात. लाइन कड्यांतून ओवून घ्या, टोक दुसऱ्याला धरायला द्या आणि तुम्ही मूठ हळूहळू उचला. वाक टोकापासून सुरू होऊन गुळगुळीत खाली आला पाहिजे. मध्येच कोनासारखा वाकला तर तिथे भरणी नीट झालेली नाही.

छापलेल्या आकड्यांबद्दल : ल्यूरचा आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण त्याच्या मधल्या भागात काम करायचं. १० ते ३५ लिहिलं असेल तर १२ ते २५ ला तो रॉड सगळ्यात छान फेकतो. 'मीडियम-हेवी' या शब्दाला मात्र ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा मीडियम-हेवी दुसऱ्याचा हेवी असू शकतो. म्हणून शब्द सोडा, ग्रॅम वाचा.

कार्बन की काचतंतू, हेही पुढे विचाराल. बेडकासाठी कार्बन, कारण हलका असतो आणि हाताला बारीक ठोकाही कळतो. शिवड्यासाठी काचतंतू मिसळलेला रॉड जड असला तरी दगडांवर आपटून टिकतो. कार्बनला एक बारीक टवका गेला तर त्या दिवशी काही दिसत नाही, महिन्याने नेमका तिथूनच मोडतो.

आणि आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत मागच्या काचेखाली रॉड ठेवू नका. टोकाची कडी गरम गोंदाने चिकटवलेली असते, ती उन्हात सुटते. सुटली तर घाबरायचं नाही. गोंदाची काडी लायटरवर वितळवून नळीच्या टोकाला थेंब लावा, कडी बसवा, सगळ्या कड्यांच्या रेषेत फिरवा, निवू द्या. ज्वाला थेट कार्बनला लावायची नाही.

तापी_पूर्णा (भुसावळ)

रॉड मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण अजून कुणी लिहिलं नाही. मासा पायाशी आला की माणूस रॉड सरळ आकाशाकडे उभा करतो. मग सगळा वाक टोकाच्या वीतभर भागात येतो, ताठ खालचा भाग काहीच काम करत नाही आणि टोक तडकतं. लाइन आणि मूठ यांच्यात ९० अंशांपेक्षा जास्त कोन होऊ द्यायचा नाही. मासा काठाशी आला की दोन पावलं मागे सरका, रॉड आडवा ठेवा, जाळी नाहीतर हात वापरा. लाइनने मासा हवेत उचलायचा नाही.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीलमधून लाइन सुटायची तो ताण, काट्यावर लावा, बोटाच्या अंदाजाने नको. बॅगा मोजायचा हुकवाला काटा लाइनला अडकवा, रॉड सरळ माशाकडे रोखल्यासारखा धरा आणि ओढा. ४० पौंड म्हणजे १८ किलो. त्याचा चौथा हिस्सा, साडेचार किलोला रील सुटायला लागलं पाहिजे. शिवड्याला चार किलो पुरे. जलपर्णीतल्या मरळीला सहापर्यंत नेता येतं, पण मग रॉड वर सांगितला तसाच धरायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून हे वाचाच. कार्बनमधून वीज वाहते. रावेर-यावलच्या पट्ट्यात नदीकाठाला केळीच्या पंपांच्या तारा ओळीने आहेत आणि पोलांमध्ये त्या बऱ्यापैकी खाली आलेल्या असतात. सात फुटी रॉड उचलून फेकताना टोक बारा-तेरा फुटांवर जातं, नऊ फुटी त्याहून वर. उभं राहण्याआधी डोक्यावर आणि पाठीमागे बघा. तारांखालून जाताना रॉड दोन तुकड्यांत करून आडवा धरा. पावसाळ्यात गडगडायला लागलं की रॉड जमिनीवर ठेवून लांब व्हा.

पाण्याचंही तसंच. हतनूरच्या खाली उभं राहत असाल तर दरवाजे उघडल्यावर पात्र फार लवकर भरतं. पावसाळ्यात तिथे जाऊच नये.

पांझराकाठ (धुळे)

परवानगीचंही लिहून टाकतो. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते. जाण्याआधी त्या संस्थेच्या माणसाला विचारा. त्यांनी सोडलेलं बीज, त्यांची पोटं त्यावर. विचारून गेलं तर तेच लोक कुठे पाणी खोल आहे, कुठे जाळी लावलेत हेही सांगतात.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा गोळ्याने वर-खाली होताना दिसला तर त्याच्या खाली मरळ राखण करत असते. तिथे बेडूक टाकला की ती हमखास झेपावते, भुकेने नाही, पिल्लांसाठी. ती गेली की तासाभरात पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. तो थवा सोडून पुढे चला. शिवडा तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे, मोठा लागला तर सोडून द्या. हुकाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला असेल तर सोडणं एका मिनिटाचं काम.

त्यावरून भावाकडून काय मागवायचं तेही सुचलं. रॉड नको, लांब नाकाची पक्कड मागवा, ११ इंची. मस्कीवाले ती वापरतात कारण हात दातांपासून लांब राहतो, शिवड्याच्या खोल तोंडालाही तीच लागते. हुक कापायचा छोटा कटर, तोही मस्कीवाल्यांकडे असतोच, हुक माशात किंवा बोटात रुतला तर ओढण्याऐवजी कापता येतो. आणि चांगल्या ब्रेडेड लाइनचं एक ३०० मीटरचं स्पूल, ४० पौंडांचं, आठ पदरी. हे सगळं एका बुटाच्या डब्यात मावतं.

केळीचा_मळा (रावेर)

हे उत्तम झालं, भावाला आत्ताच यादी पाठवतो. मरळीचा सात फुटी, १० ते ३५ ग्रॅम, दोन तुकडे, स्पिनिंग, एवढं पक्कं. शेवटचं एक, ४००० च्या रीलवर ब्रेडेड थेट भरू का?

गिरणा_बंधारा (भडगाव)

थेट नको. ब्रेडेड गुळगुळीत असते, गुळगुळीत स्पूलवर अख्खी लाइन जागच्या जागी फिरते आणि वाटतं ड्रॅग सैल आहे. आधी दहा-पंधरा मीटर साधी मोनो भरा, तिला डबल युनी गाठीने ब्रेडेड जोडा. भरताना लाइन ओल्या फडक्यातून दाबून घ्या म्हणजे घट्ट बसेल, नाहीतर पहिल्याच मोठ्या ओढीला वरची वेटोळी खालच्यांत रुततात. काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन मिलिमीटर जागा ठेवा. बेडकाला पालोमर गाठ, आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि शेपूट अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. अगदी मुळाशी कापली तर ब्रेडेडची गाठ सरकते.

बेटकास्टिंगचा विषय मात्र पुन्हा कधीतरी वेगळा काढा, त्यावर लिहायला बरंच आहे.